वरोऱ्याचा कोळसा आणि आमची आगगाडी

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर एक वस्तू अशी असे की, जी दुसऱ्या कोणाच्या पाटावर मी आजवर पाहिलेली नाही. लक्ष्मीची तसबीर, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, चांदीचा एक झिजलेला रुपया हे सारे चार घरांसारखेच. पण रुपयाच्या शेजारी आजी एक पत्र्याची डबी ठेवी. डबीत फडक्यात गुंडाळलेला सुपारीएवढा कोळशाचा खडा असे. त्याला हळदकुंकू वाहावयाचे, नमस्कार करावयाचा आणि पुन्हा डबी ट्रंकेच्या तळाशी ठेवून द्यावयाची. लहानपणी मी एकदा हसलो, तेव्हा आजीने माझ्या पाठीत हलकीशी चापट दिली आणि म्हणाली, “हासू नको. हे बी लक्ष्मीच हाये. माह्या बापानं खांदून काहाडली हाये.”

आजीचा बाप वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. आजीचा नवरा, म्हणजे माझे आजोबा, हिंगणघाटच्या सूतगिरणीत. माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. मी शाळामास्तर झालो आणि मुलांना इतिहास शिकवला. आता ऐंशीच्या घरात आल्यावर ध्यानात येते की, आमच्या चार पिढ्या एकाच लोहमार्गाच्या कडेला नांदल्या, आणि शाळेत पानिपतपासून वॉटर्लूपर्यंत सारे शिकवीत असता ह्या दारावरून जाणाऱ्या लोहमार्गाचा इतिहास मात्र मी एकदाही शिकवला नाही. ती उणीव थोडी भरून काढावी, म्हणून हा लेख.

विदर्भात आगगाडीचे कौतुक करावयाचे म्हटले की, लोकांना ‘शकुंतला’ आठवते. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे जाणारी ती अरुंद रुळांची, झाडाखाली थांबल्यासारखी थांबणारी कापसाची गाडी आता धावत नाही. पण तिच्या आठवणी अजून निघतात. आमच्या मार्गाला असे लाडके नाव कोणी ठेवले नाही. सरकारी कागदात त्याचे नाव ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. कोळसा आणि सरकार ह्या दोन शब्दांवर प्रेम कोण करणार? परंतु वर्धा ते वरोरा हा अवघा पंचेचाळीस मैलांचा फाटा नसता, तर नागपूरचे, हिंगणघाटचे आणि चंद्रपूरचे आजचे रूप काही निराळेच झाले असते.

प्रथम कापसाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कोळसा मागाहून आला. हिंगणघाटचा कापूस रेल्वे येण्याच्या फार आधीपासून नावाजलेला. वणा नदीच्या काठचा हा बाजार आजूबाजूच्या काळ्या जमिनीतील कापूस गोळा करी आणि तो बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेत पाऊस लागे, धूळ बसे, आठवड्यांमागून आठवडे जात. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे डोळे एकाएकी वऱ्हाड-नागपूरकडे वळले. १८६५ साली थळघाटातून गाडी सुरू झाली, आणि १८६७ साली ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीचे रूळ मुंबईहून नागपूरला येऊन भिडले. वाटेवरचे वर्धा शहर तर ह्याच काळातले. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी ते नव्याने आखून वसवले गेले. म्हणजे आमच्या जिल्ह्याचे ठाणे आणि आगगाडी ही जवळजवळ जुळी भावंडे.

गाडी आली, पण तिला खायला काय घालावयाचे? एंजिनाला जळण हवे. दगडी कोळसा एक तर विलायतेहून जहाजाने मुंबईस यावयाचा, नाही तर बंगालमधल्या राणीगंजहून. दोन्ही फार दूर आणि महाग. नरसिंहपूरकडे मोहपाणीला एक खाण चालू झाली होती, पण एवढ्या लांबलचक मार्गाची भूक तिच्याने भागणारी नव्हती. उरली जंगले, लाकूड जाळून गाड्या हाकाव्यात, तर जंगलेही पाहता पाहता उजाड होणार. अशा वेळी चांदा जिल्ह्यातून बातमी आली की, वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळसा आहे.

ही बातमी वर पोचविण्यात चांद्याचे जमाबंदी अधिकारी मेजर लूसी स्मिथ यांचा मोठा वाटा होता. पुढे भूगर्भखात्याचे ह्यूज यांनी सारे खोरे पालथे घातले आणि १८७७ साली वर्धा खोऱ्यातील कोळशावर एक सबंध ग्रंथच प्रसिद्ध केला. ह्याच सुमारास त्या खात्यातील शास्त्रज्ञांनी असल्या कोळसा असलेल्या खडकांच्या थराला एक नाव दिले, ‘गोंडवन’. आमच्या गोंड राजांच्या मुलखाचे हे नाव पुढे एवढे गाजले की, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थान जेव्हा एकच भूखंड होते, त्या प्राचीन भूखंडालाही जगाने ‘गोंडवनलँड’ म्हटले. आमच्या शेतातली काळी माती लाव्हाच्या खडकाची, तर तिच्याखालचा काळा कोळसा तिच्याहूनही कोट्यवधी वर्षे जुना. वर कापूस आणि खाली कोळसा अशी ही दोन मजली श्रीमंती. वरच्या मजल्याचा भाडेकरू शेतकरी; खालच्या मजल्याला तोपर्यंत कोणी हातच लावला नव्हता.

१८७१ साली वरोऱ्याला सरकारने स्वतः खाण सुरू केली. कोळसा वर काढला, पण तो मुख्य रुळापर्यंत न्यावयाचा कसा? पंचेचाळीस मैल बैलगाडीने कोळसा वाहणे म्हणजे चार आण्याच्या भाजीला रुपयाची पिशवी. तेव्हा वर्ध्याहून दक्षिणेला सोनेगाव, हिंगणघाट, नागरी अशी गावे घेत वरोऱ्यापर्यंत रूळ टाकावयाचे ठरले, आणि १८७० ते १८८० ह्या दशकात हा फाटा पुरा झाला.

ह्या फाट्याची एक गंमत आहे. तोपर्यंत आपल्याकडच्या मोठ्या आगगाड्या विलायती कंपन्यांनी बांधल्या होत्या, आणि त्यांच्या भागीदारांना सरकारने शेकडा पाच टक्क्यांची हमी दिली होती. गाडीला नफा होवो की तोटा, साहेबाचे पाच टक्के ठरलेले. कमी पडले तर येथल्या रयतेच्या करातून भरून द्यावयाचे. असल्या हमीवर कंपनी काटकसर कशाला करील? खर्च फुगला, ओरड झाली, आणि १८६९ नंतर सरकारने नवे मार्ग स्वतःच बांधण्याचे धोरण धरले. खामगाव आणि अमरावतीचे आखूड फाटे असेच झाले. आमचा वर्धा-वरोरा हाही त्यांच्यापैकीच. खाण सरकारची, रूळ सरकारचे आणि पुष्कळसा कोळसा घेणारी रेल्वे-कंपनी सरकारच्या हमीची. घरातल्या घरातच देणेघेणे! रूळ मात्र मोठ्या मार्गाच्याच रुंदीचे टाकले, ही गोष्ट शहाणपणाची झाली. रुंदी निराळी असती, तर वर्ध्याला प्रत्येक टोपली एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतावी लागली असती. आणि वरोऱ्याचा कोळसा असा की, दोनदा ओतला म्हणजे निम्मा भुगाच व्हावयाचा.

ह्या भुग्याकडे पुन्हा यावयाचे आहे. आधी गिरणीकडे जाऊ.

मुंबईचा प्रत्येक व्यापारी त्या दिवसांत मुंबईतच गिरणी काढण्याच्या खटपटीत होता. जमशेटजी टाटांनी मात्र उलटा विचार केला. कापूस नागपूर-वऱ्हाडात पिकतो, तो शेकडो मैल मुंबईला न्यावयाचा, तेथे त्याचे सूत काढावयाचे, आणि ते सूत पुन्हा शेकडो मैल आत आणून विकावयाचे, हा उपद्व्याप कशाला? गिरणीच कापसाकडे का नेऊ नये? त्यासाठी तीन गोष्टी जवळ असावयास हव्या: कापूस, गिऱ्हाईक आणि जळण. नागपूरला पहिल्या दोन होत्याच. वरोऱ्याच्या खाणीने आणि आमच्या फाट्याने तिसरीही शंभर मैलांच्या आत आणून ठेवली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी स्वस्तात घेतली आणि भराव घालण्यास सुरुवात केली. त्यांच्या चरित्रांतून एक गोष्ट सांगतात. नागपूरच्या एका मारवाडी सावकाराने ह्या खटाटोपात पैसा घालण्याचे नाकारले. मातीत सोने पुरणाऱ्या माणसाला कोण कर्ज देणार, असे त्याचे म्हणणे. पुढे गिरणीची भरभराट पाहून त्याच सावकाराने कबूल केले की, टाटांनी सोने पुरले नाही, माती घातली आणि सोने काढले.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, ही गिरणी सुरू झाली आणि म्हणून तिचे नाव पडले ‘एम्प्रेस मिल’. तिची व्यवस्था जमशेटजींनी ज्यांच्या हाती दिली, ते बेझनजी दादाभाई मेहता हे सूत-कापडातले नव्हतेच. ते रेल्वेच्या माल-खात्यातून आलेले गृहस्थ. मला ह्या निवडीचे फार कौतुक वाटते. मध्य हिंदुस्थानात गिरणी चालवावयाची म्हणजे आधी मालाची ने-आण कळली पाहिजे, हे त्या द्रष्ट्या माणसाने ओळखले. १८८६ साली ह्याच गिरणीने आपल्या कामगारांसाठी पेन्शनचा फंड काढला. सरकारी कायद्याने तसे काही करावयास लावण्याच्या कितीतरी आधी.

एम्प्रेसच्या मागोमाग हिंगणघाटही जागे झाले. जेथून पूर्वी कापूस नुसता बांधून जात असे, तेथे जिन आले, प्रेस आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत सूतगिरण्याही उभ्या राहिल्या. दक्षिणेकडून कोळशाचा डबा यावयाचा, उत्तरेकडे सुताची गाठ जावयाची, आणि दोन्ही हिंगणघाटच्या एकाच मालधक्क्यावर शेजारी शेजारी उभ्या राहावयाच्या. माझे वडील सांगत की, त्यांच्या वेळच्या जुन्या हमालांमध्ये पांढरे हमाल आणि काळे हमाल अशा दोन जाती होत्या. पहिल्यांच्या अंगाला रुई, दुसऱ्यांच्या अंगाला कोळसा. संध्याकाळी वणेच्या घाटावर आंघोळ केली की दोघेही सारखेच दिसत.

आता त्या भुग्याची गोष्ट. ही गोष्ट कळल्यापासून आजीच्या डबीकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

१८८२ साली जमशेटजींच्या वाचनात एक अहवाल आला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने तो लिहिला होता, आणि त्यात म्हटले होते की, चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोखंडाचे दगड मुबलक आहेत. लोहारा! गावाच्या नावातच लोहार. जवळच वरोऱ्याला कोळसा, आणि वरोऱ्याहून थेट मुंबईपर्यंत रूळ. हिंदुस्थानात पोलाद करावयाचे, तर ह्याहून सोयीची जागा कोणती? त्रेचाळीस वर्षांच्या जमशेटजींच्या मनाने तेव्हा जो ध्यास घेतला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने मिळवले आणि परीक्षेसाठी जर्मनीला पाठवले.

परीक्षेत कोळसा नापास झाला.

कारण समजण्यासारखे आहे. पोलादाच्या उंच भट्टीत दगड आणि कोळसा थरावर थर रचावे लागतात. साधा कोळसा त्या ओझ्याखाली चुरून जातो. म्हणून आधी हवा न लागू देता कोळसा भाजून त्याचा टणक, सच्छिद्र ‘कोक’ करावा लागतो. तो आपल्या अंगावर दगडाचा भार पेलतो आणि जळतोही प्रखर. वरोऱ्याच्या कोळशात पाण्याचा अंश फार. तो भाजला तर गोळा धरीत नाही, चूर होतो. एंजिनाच्या आणि गिरणीच्या बॉयलरखाली वाफ करण्यापुरता तो कामाचा, पण भट्टीला निरुपयोगी. शिवाय त्या वेळचे खाणींचे सरकारी नियम इतके जाचक होते की, खाजगी माणसाने तो धोका पत्करावा अशी सोयच नव्हती. पोलादाचा बेत गुंडाळून ठेवावा लागला.

तो पुन्हा उलगडला सतरा वर्षांनी. १८९९ साली लॉर्ड कर्झनच्या राजवटीत खाणींचे नियम सैल झाले. म्हातारे जमशेटजी पुन्हा कामाला लागले. त्यांचे चिरंजीव दोराबजी अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांच्यासह चांद्याच्या जंगलात हिंडले. लोहाऱ्याचा दगड चांगला खरा, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा नव्हता. दोराबजी हात हलवीत नागपूरला परतले आणि तेथल्या संग्रहालयात शिरले असता त्यांच्या नजरेस भूगर्भाचा एक नकाशा पडला. त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोखंडाच्या रंगाने रंगवलेला होता. तो रंगवण्यामागे प्रमथनाथ बोस ह्या भूगर्भशास्त्रज्ञांचे संशोधन होते. त्या नकाशावरून ते धल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांपर्यंत पोचले, आणि पुढे त्याच बोसांच्या १९०४ सालच्या पत्रावरून मयूरभंजच्या डोंगरापर्यंत. जमशेटजी त्याच वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीत वारले. बंगाल-बिहारच्या कोक होणाऱ्या कोळशाजवळ, साकची नावाच्या खेड्याच्या जागी कारखाना उभा राहिला आणि १९१२ साली तेथे पहिले पोलाद निघाले. ते आजचे जमशेदपूर. धल्ली-राजहऱ्याचे लोखंड स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या कामी आले.

मुलांना मी हे सांगितले असते, तर त्यांनी हळहळून विचारले असते, “सर, कोळसा चांगला असता, तर जमशेदपूर आपल्या वरोऱ्याला झाले असते ना?” कदाचित झाले असते. पण मला दुसरेच वाटते. हिंदुस्थानच्या पोलादाचे पहिले स्वप्न ज्या कोळशाकडे पाहून पडले, तो आमचा कोळसा होता. नापास झालेल्या विद्यार्थ्यामुळेही पुष्कळदा मास्तराला नवी वाट सापडते.

भट्टीला न चालणारा हा कोळसा एंजिनांना मात्र चालत राहिला. चांगल्या वर्षी वरोऱ्याची खाण लाखाच्या वर टन कोळसा देई. पण तो काढणे सोपे नव्हते. विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यातून माणसे पाळण्याने खाली उतरत. आत कोळशाचेच खांब राखून वरचे छत तोलावयाचे आणि मधला कोळसा खोदावयाचा, ही त्या काळची पद्धत. खांब बारीक राखला तर छत खचावयाचे; जाड राखला तर कोळसा आतच राहावयाचा. त्यातच ह्या कोळशाची भुकटी साचली आणि हवा लागली की ती आपोआप तापू लागते, आणि कोणी काडी न लावताही आग धरते. आजी सांगे, “बाप घरी आला का माय आधी त्याच्या अंगाचा वास घ्ये. धुराचा वास आला का तिले रातभर झोप नसे.” खाणींसंबंधी पहिला कायदा आपल्याकडे झाला १९०१ साली. तोपर्यंत वरोऱ्याची खाण तीस वर्षे चालून गेली होती.

ह्यूजसाहेबांचे नाव ग्रंथावर आहे, लूसी स्मिथ यांचे अहवालात आहे, श्वार्ट्झचे टाटांच्या चरित्रात आहे. असू द्यावे, त्यांनी काम केले आहे. पण जे लोक रोज पाळण्यात बसून खाली गेले आणि रोज वर आले, किंवा एखादे दिवशी आले नाहीत, त्यांची नावे मी चाळलेल्या कागदांत मला कोठे सापडली नाहीत. टनांचे आकडे आहेत, माणसांची संख्याही आहे, नावे नाहीत. माझ्या पणजोबांचे नाव फक्त आमच्या घरच्या श्राद्धात घेतले जाते.

१९०६ साली वरोऱ्याची खाण बंद झाली. सुखासुखी काढता येण्याजोगा कोळसा सरत आला होता. दोष कोणाला द्यावयाचा? जमिनीने पस्तीस वर्षे दिले आणि मग हात आवरता घेतला. पण खाण मिटते तेव्हा गावातल्या चुलीही एकेक करून मिटतात. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. पणजोबांनी भांडीकुंडी पोत्यात बांधली आणि हिंगणघाटच्या गिरणीत काम मिळते असे ऐकून सारे कुटुंब निघाले. गाडीने नव्हे, पायी. पाच माणसांच्या तिकिटाचे पैसे कोठून आणावयाचे? “आमी रुयाच्या बाजूबाजूनं चालत आलो,” आजी सांगे. “दोन दिस लागले. मंधात गाडी आली का बाप थांबे अन् यंजिनाकडे पाहे. म्हने, ‘हे माह्याच कोयशावर चालते.’” खोदणारा पायी आणि खोदलेला कोळसा गाडीने! पण आजीने हे कधी कडवटपणे सांगितले नाही. बापाचा मोठेपणा म्हणूनच सांगितले. वरोरा सोडताना पणजोबांनी खाणीच्या तोंडाशी पडलेला एक खडा उचलून पोत्यात टाकला होता. तोच हा डबीतला खडा.

खाण मिटली म्हणून फाटाही मिटावयास हवा होता. कोळशासाठी काढलेली वाट, कोळसा संपल्यावर तिचे काय काम? पण येथेच रूळ माणसाहून भाग्यवान ठरले. पुढे बल्लारपूरला कोळसा सापडलेला होता. थोड्याच वर्षांत रूळ भांदक, चांदा करीत बल्लारपूरपर्यंत गेले. हे गोंड राजांचे जुने ठाणे. गावाला आपण बल्लारपूर म्हणतो, पण स्टेशनाच्या पाटीवर मात्र राजाचे नाव राहिले आहे, बल्लारशाह. मग महाकाली, लालपेठ, रय्यतवारी, माजरी, राजूर अशा खाणी एकामागून एक निघत गेल्या. एके काळी ज्या चांद्यात किल्ल्याच्या परकोटातून गोंड राजाची स्वारी निघे, तेथे मालगाड्यांची रांग लागू लागली.

आणि १९२९ साली ह्या फाट्याचे नशीबच पालटले. बल्लारशाह ते निजामाच्या राज्यातील काझीपेठ हा तुटक दुवा जोडला गेला आणि दिल्ली ते मद्रास असा सरळ मार्ग खुला झाला. त्याच वर्षी पेशावर ते मंगळूर अशी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस निघाली, आणि तिची वाट आमच्या दारावरून होती. काल-परवापर्यंत कोळशाचे डबे ओढणारा हा आडवळणाचा फाटा देशाच्या उत्तर-दक्षिण धमनीचा तुकडा झाला! आजीची एक समजूत होती की, जी. टी.तून सारा हिंदुस्थान जातो. हिंगणघाटच्या फलाटावर मद्रासी कॉफीवाला आणि पंजाबी शिपाई एकाच बाकावर पाहिल्यावर तिची समजूत खोटी म्हणवत नसे.

ह्या पंचेचाळीस मैलांवर आणखी काय काय घडले! १९३४ साली महात्माजी वर्ध्याला आले आणि १९३६ साली शेगावात जाऊन राहिले, तेच सेवाग्राम. ज्या मार्गाच्या एका टोकाला गिरण्यांसाठी कोळसा निघत होता, त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला गिरणीविरुद्ध चरखा फिरू लागला. माझे आजोबा गिरणीत सूत काढीत आणि अंगावर खादी घालीत. कोणी हटकले तर म्हणत, “पोटाचं सूत येगळं, मनाचं सूत येगळं.”

हिंगणघाटलाच १९१४ साली मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म झाला. वकिली करण्यासाठी ते वरोऱ्यास गेले, आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, काटेरी रानात त्यांनी काही महारोगी, पत्नी साधनाताई आणि दोन लहान मुले यांच्यासह आनंदवनाचे काम सुरू केले. बाबा आमटे म्हणून जग त्यांना ओळखते. जगाने टाकलेल्या माणसांनी त्या दगडांतून विहिरी खणल्या, शेती पिकवली, हातमाग चालवले. वरोऱ्याच्या मातीतून सरकारने कोळसा काढला; तो संपल्यावर पंचेचाळीस वर्षांनी त्याच गावाच्या मातीतून बाबांनी माणसे काढली. हे धन अजून सरलेले नाही.

आज ह्या मार्गावर कोळसा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वाहतो. १९७०-८०च्या दशकात खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, उघड्या प्रचंड खाणी निघाल्या, चंद्रपूरला महाऔष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. वाफेचे एंजिन गेले. वीजेवर गाड्या धावतात आणि त्या वीजेतला काही अंश ह्याच खोऱ्यातल्या कोळशाचा असतो. म्हणजे पणजोबांचे वाक्य अजून खरेच आहे. गाडी ‘माह्याच कोयशावर’ चालते, फक्त मध्ये एक तार आली आहे. चंद्रपूरच्या हवेने ह्याची किंमत मोजली आहे, हेही खरे. तेथल्या लोकांना कोळशाची लक्ष्मी श्वासातून कळते. आणि एम्प्रेस मिल? तिच्या यंत्रांचा आवाज ह्या शतकाच्या आरंभी कायमचा थांबला. ज्या भोंग्यावर आजोबा घराबाहेर पडत आणि आई कुकराविनाच भाताची वेळ साधी, तो आमच्या गावचा भोंगाही मी कित्येक वर्षांत ऐकलेला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत नातीला घेऊन वरोऱ्यास गेलो. तिला आनंदवन पाहावयाचे होते, मला जुन्या खाणीची जागा. एका म्हाताऱ्या टपरीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “खान? ते तं माह्या आज्याच्या वक्ताची गोष्ट हाये.” परतीच्या गाडीत नातीने विचारले, “आजोबा, आपले पणजोबा हे सगळे अंतर चालले?” म्हटले, “माझे पणजोबा. तुझे त्याच्याही वरचे.” मग ती खिडकीतून रुळांच्या कडेची पायवाट पाहत राहिली, थेट हिंगणघाट येईपर्यंत.

घरी आल्यावर लक्ष्मीपूजनाला तिनेच डबी काढली. आजीला जाऊन पन्नास वर्षे झाली. डबी उघडली, फडके सोडले, तर आत खडा नव्हता. काळी भुकटी होती. जर्मनीतल्या परीक्षकांनी सांगितले होते तेच झाले. वरोऱ्याचा कोळसा हवेत टिकत नाही, फुटत फुटत चूर होतो. नात हिरमुसली आणि म्हणाली, “आता पाटावर काय ठेवायचे?”

मी तिला म्हटले, “हेच ठेव. कोळसा तोच आहे.” तिने भुकटी चिमटीने नीट गोळा केली, फडक्यात बांधली आणि वर हळदकुंकू वाहिले. त्याच वेळी दक्षिणेकडची मालगाडी नदीवरच्या पुलावरून जात होती. तिचे डबे मोजण्याची मला लहानपणापासून खोड. पण त्या रात्री फटाक्यांच्या आवाजात मध्येच मोजणी चुकली.